शिक्षकाने घरी जावे, पालकाने शाळेत यावे

(शहापूर, जि. भंडारा येथे वर्षावासानिमित्त विहारात भरलेल्या पालक-शिक्षक सभेत एका शालेय समुपदेशकाने केलेले भाषण)



रोवणीचे दिवस आहेत. दिवसभर बांधीत कंबर मोडेपर्यंत राबलेल्या भगिनी घरी जाऊन पाठ टेकण्याऐवजी या सभेस येऊन बसल्या आहेत, याची मला जाणीव आहे. म्हणून मी पाल्हाळ लावणार नाही.

समुपदेशक हा शब्द आपणांपैकी पुष्कळांना नवा वाटेल. विद्यार्थ्याच्या मनावरील भार ऐकून घेणे, अभ्यासातील अडचण शोधणे आणि पुढील शिक्षणाचा मार्ग त्यास दाखविणे, हे माझे काम होय. हे काम केवळ मुलाशी बोलून होते, असा आरंभी माझा समज होता. तो समज किती चुकीचा होता, हे मला एका पालकाने शिकविले. आणि त्याची किंमत मात्र त्याच्या मुलाला द्यावी लागली.

सातवीतील एक मुलगा वारंवार गैरहजर राहू लागला. मी त्याच्या वडिलांना चिठ्ठी धाडली, ‘ताबडतोब शाळेत येऊन भेटावे.’ दुसऱ्या दिवशी ते मजुरी बुडवून, धुतलेला सदरा घालून आले. खुर्ची पुढे केली तरी बसेनात. दाराशी उभे राहूनच त्यांनी विचारले, “का केलं जी माह्या पोरानं?” मी हजेरीपट उघडला आणि गैरहजेरीचे दिवस एकामागून एक वाचून दाखविले. त्यांनी ते मान खाली घालून ऐकले. जाताना हात जोडून म्हणाले, “मारा त्याले, पन नाव नका काढू जी.”

त्या रात्री मुलाला घरी मार बसला आणि त्यानंतर तो माझ्याशी कधी मोकळेपणाने बोलला नाही. दोन महिन्यांनी मी प्रथमच त्यांच्या घरी गेलो, तेव्हा समजले की मुलाची आई अंथरुणास खिळली होती आणि धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी तो घरी राहत होता. हजेरीपटात हे कोठे लिहिलेले असणार?

ते गृहस्थ खुर्चीवर का बसले नाहीत, याचा मी पुढे पुष्कळ विचार केला. ज्या समाजातील बाबासाहेबांसारख्या विद्यार्थ्यासही साताऱ्याच्या शाळेत घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागले, त्या समाजाच्या अंगात शाळेच्या दाराची भीती सहजासहजी मरत नाही. त्यात आमची शाळा पालकास बोलावते ती तक्रार सांगण्यासाठीच. मुलाने चांगले गणित सोडविले म्हणून चिठ्ठी आली, असे आपणांपैकी किती जणांच्या अनुभवास आले आहे?

याउलट एक उदाहरण बाबासाहेबांच्याच आयुष्यात आहे. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथासाठी १९५६ साली लिहिलेल्या प्रस्तावनेत ते त्यांनी स्वतः नमूद केले आहे. बाल भीमराव इंग्रजी चौथी उत्तीर्ण झाला, तेव्हा वस्तीतील लोकांनी अभिनंदनाची सभा घेण्याचे ठरविले. सुभेदार रामजींनी नकार दिला. एवढ्याशा यशाने मुलगा शेफारेल, ही पित्याची शंका होती. लोक मग दादा केळुसकरांकडे गेले. कृष्णराव अर्जुन केळुसकर हे शिक्षक व ग्रंथकार. पण त्यांना मध्यस्थी करता आली ती विद्वत्तेच्या जोरावर नव्हे, तर ते रामजींचे स्नेही होते म्हणून. थोडी वादावादी झाली आणि रामजींनी मान्यता दिली. सभेच्या अध्यक्षस्थानी केळुसकरच होते, आणि भाषणाच्या शेवटी त्यांनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र मुलाच्या हाती ठेवले. पुढे उच्च शिक्षणाच्या वेळी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचे साहाय्य मिळवून देण्यातही हेच केळुसकर पुढे होते.

केळुसकर आपल्या समाजाचे नव्हते, हेही येथे बसलेल्या शिक्षकांनी ध्यानी घ्यावे. बापाशी मैत्री आधी होती, म्हणून अडचणीच्या क्षणी शब्द चालला. बुद्धाचे नाव त्या घरात एका शिक्षकाच्या स्नेहातून आले, ही गोष्ट आपण बौद्धांनी तरी विसरता कामा नये.

भगवान बुद्धांनी हे नाते किती नाजूकपणे हाताळले, पाहा. राजगृहात सिगाल नावाचा गृहस्थपुत्र ओल्या वस्त्रांनिशी सहा दिशांना नमस्कार करीत होता. मरणकाळी वडिलांनी तसे सांगितले होते, एवढेच त्याला ठाऊक. तथागतांनी त्याच्या पित्यास मूर्ख म्हटले नाही. पित्याचा शब्द तसाच ठेवून त्यांनी त्यास नवा अर्थ दिला: पूर्व दिशा म्हणजे मातापिता, दक्षिण म्हणजे गुरू, आणि अशा सहाही दिशांचे पालन म्हणजे त्या त्या माणसांशी कर्तव्याने वागणे. आम्ही शिक्षक मात्र पुष्कळदा मुलासमोरच म्हणतो, ‘तुझ्या घरच्यांना काही समजत नाही.’ नवदीक्षित घरात एखाद्या आजीने कोनाड्यातला जुना देव अजून काढलेला नसतो. त्यावरून नातवाला वर्गात टोमणा मारणारा शिक्षक, मग तो आपल्यातला का असेना, धम्माचे काम करीत नाही.

राहुलाची कथाही आपणांस माहीत आहे. त्याची प्रव्रज्या झाली तेव्हा आजोबा शुद्धोदनांना अतोनात दुःख झाले. त्यांनी तथागतांना विनंती केली की, यापुढे मातापित्यांच्या अनुमतीवाचून कोणाही मुलास प्रव्रज्या देऊ नये. तथागतांनी तसा नियमच केला. मुलाच्या आयुष्याची दिशा ठरविताना घराला विचारावे, हे प्रत्यक्ष बुद्धांनी एका दुःखी म्हाताऱ्याकडून ऐकून घेतले. तेथे दहावीच्या मुलीने कोणती शाखा घ्यावी हे आम्ही तिच्या आईस न विचारता कसे ठरवावे?

आता हक्कांविषयी. त्या गृहस्थांनी ‘नाव काढू नका’ म्हणून हात जोडले, तेव्हा मी त्यांना एक गोष्ट सांगावयास हवी होती आणि सांगितली नाही. २००९ चा बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अंमलात आहे. प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलास शाळेतून काढता येत नाही. मुलास मारणे किंवा त्याचा मानसिक छळ करणे यांस त्याच कायद्याच्या कलम १७ ने बंदी आहे. तेव्हा पालकाने परवानगी दिली तरी शिक्षकास हात उगारता येत नाही. कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात, निम्म्या जागा स्त्रियांच्या, आणि दुर्बल घटकांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात स्थान. पालकांच्या नियमित सभा घेऊन मुलाची हजेरी व प्रगती त्यांना सांगणे हे कलम २४ ने शिक्षकाचे कर्तव्य ठरविले आहे. ज्या माणसाला मी दाराशी उभे राहू दिले, तो कायद्याने शाळेच्या कारभाराचा भागीदार होता.

आणखी एक बाब फार महत्त्वाची. प्रवेशाच्या वेळी पालक अभिमानाने ‘बौद्ध’ असे सांगतो. ते योग्यच आहे. परंतु जातीच्या दाखल्याची वेळ आली की १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागितला जातो, आणि तेव्हा घरात धावपळ सुरू होते. आपल्या लोकांनी धर्मांतर केले म्हणून केंद्राच्या सवलतींपासून कित्येक वर्षे त्यांना वंचित ठेवले गेले. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांचा अनुसूचित जातींत समावेश झाला, तेव्हा कोठे तो अन्याय दूर झाला. इतक्या झगड्याने मिळालेली शिष्यवृत्ती एका कागदाअभावी जाऊ नये. आजोबा शाळेत गेले असतील तर त्या शाळेतील दाखल-खारीज नोंद, आणि गेलेच नसतील तर कोतवाल पंजीतील नोंद शोधावी. हे काम मूल आठवीत असतानाच हाती घ्यावे, बारावीच्या निकालानंतर नव्हे. शिक्षक घरी गेला, तर अशा गोष्टी वेळेवर निघतात.

घरी जाण्याची एक शिस्तही आहे. काही घरांत दारूचे दुःख आहे. बावीस प्रतिज्ञा घेऊनही ती सुटलेली नाही, हे आपण लपवून उपयोग नाही. मुलगा गुरुजींना घरी नेण्यास लाजतो, त्याचे कारण पुष्कळदा तेच असते. अशा घरात जे दिसले ते शिक्षकांच्या खोलीत चहाबरोबर बोलले गेले, तर त्या घराचे दार आपणांस कायमचे बंद झाले असे समजावे.

आणि शेजारच्या जवाहरनगरची आठवण तर ताजीच आहे. २४ जानेवारी २०२५ रोजी तेथील आयुध निर्माणीत स्फोट होऊन कामगार मृत्युमुखी पडले. अशा दिवसांनंतर वर्गात गप्प बसणाऱ्या मुलाला ‘लक्ष कोठे आहे?’ असे विचारणारा शिक्षक, त्या मुलाच्या घरचे कोण कोठे कामास जाते हे जाणत नसतो, एवढेच.

मी आता ‘ताबडतोब भेटावे’ अशी चिठ्ठी धाडीत नाही. वर्षाच्या आरंभी, काही तक्रार नसताना, एकदा घरी जाऊन येतो. चटईवर बसतो, मुलाची एखादी चांगली गोष्ट सांगतो आणि उठतो. सगळी घरे होत नाहीत, हे कबूल करतो. परंतु जेथे गेलो, तेथील माणसे पुढे न बोलावता शाळेत येतात आणि बसून बोलतात.

आजच्या सभेपुढे माझ्या दोन सूचना आहेत. पालक सभा दुपारी अकराला न ठेवता दिवेलागणीनंतर ठेवावी, म्हणजे कोणाची मजुरी बुडणार नाही. मुख्याध्यापकांनी यास येथेच संमती द्यावी, अशी माझी विनंती आहे. आणि रोवणी आटोपली की मी वस्तीच्या खालच्या टोकापासून सुरुवात करून घरोघर येणार आहे. त्या वेळी आजोबांचे जुने कागद, फाटलेले असले तरी, काढून ठेवावेत.

जय भीम, नमो बुद्धाय.