आपला नमुना आपल्या हाती
(दहावीच्या १९९७ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला विषय दिला होता ‘कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आपली मुलं’. मी म्हटलं, त्यावर बोलणारे आपल्यात चारपाच जण आहेत आणि घरी मुलंच ते जास्त चांगलं समजावतात. मला दुसरं काही बोलायचंय. विषय ऐकून काही जण खाली बघतील, पण विचुंब्यात एका बाकावर बसून मोठे झालेलो आपण, आपल्यात कसली लाज?

आपण सगळे आता ४४-४५ चे. शुगर मोजायचं यंत्र घराघरात आलंय. बीपीच्या गोळ्यांची चौकशी आपण सकाळच्या चहासारखी करतो. पण इथे बसलेल्या मुलींपैकी (आज सगळ्यांना मुलीच म्हणणार) गर्भाशयमुखाची तपासणी किती जणींनी केली आहे? हात वर करू नका. देशाचं उत्तर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आहे. २०१९ ते २०२१ च्या पाहणीत ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी आयुष्यात एकदा तरी ही तपासणी झालेल्या होत्या १.९ टक्के. शंभरात दोघीही नाहीत. आणि २०२२ या एका वर्षात देशात या कर्करोगाचे अंदाजे सव्वा लाखाहून अधिक नवे रुग्ण होते, मृत्यू ८० हजारांच्या आसपास.

आपल्या वर्गातली एक मैत्रीण आज या मांडवात नाही. तिच्या घरच्यांना विचारूनच बोलते आहे, नाव घेत नाही. दोन पाळ्यांच्या मध्येच रक्त जायचं, ती म्हणायची, ‘वयच झालंय, पाळी जायची वेळ आली.’ वर्षभर तिने ते अंगावर काढलं. कर्करोगाचं टाटांचं एवढं मोठं केंद्र खारघरला आहे, आपल्याच तालुक्यात. ती तिथे पोचली तेव्हा उशीर झाला होता.

मला टोचतं ते हे, की हा कर्करोग घाईने येत नाही. जवळपास प्रत्येक वेळी त्याच्या मुळाशी एचपीव्ही नावाचा विषाणू असतो. हे शोधणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सूर हाउझेन यांना त्यासाठी २००८ मध्ये नोबेल मिळालं. बहुतेक जणींच्या शरीरातून हा विषाणू वर्ष-दोन वर्षांत आपोआप निघून जातो. काहींच्यात तो ठाण मांडतो, आणि तिथून कर्करोग व्हायला साधारण १५ ते २० वर्षं लागतात. म्हणजे दहावी सुटल्यापासून आजच्या मेळाव्यापर्यंत जेवढा काळ गेला, त्याच्या अर्ध्याहून जास्त. एवढी सवड देऊनही हा आजार आपल्याला गाठतो.

का? तपासणीच्या त्या टेबलामुळे. त्यावर पाय वर घेऊन झोपायचं, अनोळखी माणसासमोर, पडद्यापलीकडे दुसऱ्या बायका. दुखत नसताना त्यासाठी कोण जाणार? गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रिया तपासल्या होत्या. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये तो अभ्यास आला. ९२ टक्के जणींना काही ना काही स्त्रीरोग होता आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. पुढे बरंच बदललं असेल, पण ते टेबल अजून तसंच आहे. मी स्वतः इंजिनिअर, चांगल्या पगाराची, कंपनीचा आरोग्य विमा असलेली. तरी दरवर्षीच्या तपासणीत त्या एका रकान्यापुढे मी ‘नको’ची खूण करत आले.

आता त्यावर एक साधा उपाय निघालाय. एचपीव्ही शोधायला डॉक्टरांनी गर्भाशयमुख बघायलाच हवं असं नाही. विषाणूचे अंश योनीमार्गातही सापडतात, त्यामुळे नमुना आपला आपण घेता येतो. एक मऊ ब्रश किंवा लांब कांडीचा कापूस असतो. हात धुवायचे, न्हाणीघराचं दार लावायचं, कांडी साधारण बोटभर आत न्यायची, किटवर सांगितलंय तितकी फिरवायची, बाहेर काढून नळीत टाकायची आणि झाकण लावायचं. मी मागच्या वर्षी केलं. पाच मिनिटंही लागली नाहीत, आणि त्यातली दोन मी सूचना पुन्हा पुन्हा वाचण्यात घालवली. पाळी चालू असताना करायचं नाही, गरोदर असताना करायचं नाही.

‘आपण घेतलेला नमुना बरोबर येतो का?’ असं माझ्या आईने विचारलं. योग्य प्रश्न आहे. पीसीआर पद्धतीच्या चाचणीत स्वतः घेतलेला नमुना डॉक्टरांनी घेतलेल्या नमुन्याइतकाच विश्वासाचा ठरतो, असं अनेक अभ्यास एकत्र करून दिसलं आहे. २०२१ पासून जागतिक आरोग्य संघटना वयाच्या तिशीपासून दर ५ ते १० वर्षांनी एचपीव्ही चाचणी सुचवते, आणि नमुना कोणी घ्यायचा ही निवड बाईवर सोडते. एचआयव्ही असेल तर पंचविशीपासून, आणि जास्त वेळा. ऑस्ट्रेलियाने जुलै २०२२ पासून हा पर्याय सगळ्या पात्र स्त्रियांना खुला केला. आपल्याकडच्या सरकारी कार्यक्रमाच्या २०१६ च्या सूचना मात्र ३० ते ६५ वयासाठी व्हिनेगरसारखं द्रावण लावून डोळ्यांनी बघायच्या तपासणीच्या आहेत, म्हणजे पुन्हा टेबल. ती तपासणी वाईट नाही; मुंबईच्या वस्त्यांत टाटाने तिच्यावर मोठं काम केलंय आणि त्याने मृत्यू कमी झाले. मिळत असेल तर जरूर करा. पण जिचं टेबलावर जायचं धाडस होत नाही, तिला दुसरी वाट हवी.

एचपीव्ही चाचणीचं काम महाराष्ट्रात किती आधी झालं होतं हे मला वाचेपर्यंत माहीत नव्हतं. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, आताच्या धाराशिवमध्ये, १९९९ च्या सुमारास बार्शीचं कर्करोग रुग्णालय, टाटा आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया अभ्यासात घेतल्या. गावांचे ५२ गट केले. काही गटांत एचपीव्ही चाचणी, काहींत पॅप, काहींत डोळ्यांनी तपासणी, आणि काहींत नेहमीचीच आरोग्यसेवा. एचपीव्ही चाचणी एकदाच केली. आठ वर्षांनी पाहिलं तर एचपीव्हीच्या गटात ३४,१२६ स्त्रियांमागे या कर्करोगाने ३४ मृत्यू होते, नेहमीच्या सेवेच्या गटात ३१,४८८ मागे ६४. ज्यांची एचपीव्ही चाचणी निगेटिव्ह होती त्यांच्यात एकही मृत्यू नव्हता. शेवटच्या गटाला तपासणी का दिली नाही यावर पुढे टीका झाली, आणि मला ती रास्त वाटते. पण जगभर एचपीव्ही चाचणीला आज जे वजन आहे, त्यात मराठवाड्यातल्या या बायकांचा वाटा मोठा आहे.

तिथे नमुने प्रशिक्षित नर्सताईंनी घेतले होते, स्वतः नव्हे. मग मी हे का सांगतेय? कारण त्या ३४ आणि ६४ मधला फरक नुसत्या नळीने पडला नाही. पॉझिटिव्ह आलेल्या बाईला गाठलं, कॉल्पोस्कोपीला नेलं, गरज असेल तिथे उपचार केले, म्हणून पडला.

आणि इथे माझ्यातली सॉफ्टवेअरवाली जागी होते. या मेळाव्यासाठी आपण यादी केली तेव्हा मुलगे पंधरा दिवसांत सापडले. मुली शोधायला पाच महिने लागले! हजेरीपटावर एक नाव, आधारवर दुसरं, मोबाइल नवऱ्याच्या नावाचा, आणि माहेरच्या वाडीच्या जागी सात मजली इमारत. एकीला तर आपण नणंदेच्या फेसबुकवरून शोधलं. उद्या गावात पाचशे किट वाटली आणि पन्नास जणी पॉझिटिव्ह आल्या, तर त्यांना शोधायचंही असंच असणार. किट वाटणं सोपं आहे, फोटोही छान येतो. नळीवर बारकोड, बाईचा स्वतःचा नंबर, तो बंद असेल तर तिने सांगितलेल्या दुसऱ्या बाईचा नंबर, आणि निकालानंतर घरी जाणारी आशाताई, हे नसेल तर किट वाटूच नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. निकाल कळून उपचार न मिळणं हे न कळण्याहून वाईट.

पॉझिटिव्ह म्हणजे कर्करोग नव्हे, हे मात्र घट्ट लक्षात ठेवा. पुढची तपासणी करायची, एवढाच त्याचा अर्थ. पेशी बदललेल्या दिसल्या तर बहुतेकदा थंड किंवा गरम करून तेवढाच भाग नष्ट करतात आणि बाई त्याच दिवशी घरी जाते. आणि मुलांनो, तुमच्यासाठी: हा विषाणू शरीरसंबंधातून येतो, पण तो वीस वर्षांपूर्वीचाही असू शकतो आणि जवळपास सगळ्यांनाच कधी ना कधी होऊन जातो. त्यावरून बायकोची उलटतपासणी घ्यायची नाही. रिक्षा काढून तिला कॉल्पोस्कोपीला न्यायचं.

उलट टोकाचीही भीती आहे. ‘अंगावरून पांढरं जातंय, कॅन्सर होईल, पिशवी काढून टाका’ असं सांगणारे सगळीकडे आहेत. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड कामगार बायकांची सरकारी समितीने पाहणी केली, तेव्हा गर्भाशय काढलेल्या १३ हजारांहून जास्त निघाल्या. कुणी असं सांगितलं तर आधी विचारा, कुठली चाचणी केली? रिपोर्ट कुठे आहे? आणि दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा.

किट सगळ्यांसाठी नाही. संबंधानंतर रक्त, पाळ्यांच्या मध्ये रक्त, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त, घाण वासाचा स्राव यातलं काही असेल तर किटची वाट न बघता डॉक्टरांकडे जायचं, टेबलासकट. मुलींची लस हा वेगळा विषय आहे, पुण्याच्या सीरमच्या सर्व्हाव्हॅकला २०२२ मध्ये मंजुरी मिळाली. पण लस लेकींची आणि तपासणी आपली. गोव्याच्या मोलबायोने छोट्या यंत्रावर चालणारी एचपीव्ही चाचणी तयार केली आहे, त्यामुळे नमुना दूरच्या शहरात पाठवायची गरज हळूहळू कमी होईल अशी आशा आहे.

जेवणानंतर मी वरच्या वर्गात बसणार आहे. न वापरलेलं एक किट उघडून दाखवायला आणलंय, आणि ज्यांना हवं त्यांचे नंबर मी जोड्यांनी लिहून घेणार आहे, एकीचा आणि तिला आठवण करणाऱ्या दुसरीचा. बाई, तुम्हीही या. तोवर खाली पानं उचलायचं काम मुलांकडे.