पोस्टरवरची बाई कोण?

(पोस्टर कार्यशाळेत केलेल्या भाषणाचा गोषवारा)



पोस्टर करायचं म्हटलं की आपण रात्र रात्र घोषणेवर वाद घालतो, आणि चित्र मात्र 'जिला जमतं तिनं काढावं' म्हणून सोडून देतो. म्हणून आज चित्रांबद्दल बोलते.

सिल्व्हिया पँखर्स्ट १८८२ साली मँचेस्टरला जन्मली, कलाशाळेत रीतसर शिकली. आई आणि बहिणीच्या मताधिकार संघटनेसाठी तिनं सभासदत्वाचं कार्ड काढलं. त्यावर शाली पांघरलेल्या कामकरी बाया आहेत. १९०७ साली तर ती कारखान्यांच्या गावांमध्ये हिंडली आणि बायकांना प्रत्यक्ष कामावर असताना चितारलं. १९०९ मध्ये तुरुंगातून सुटून आलेल्यांसाठी तिनं बिल्ला केला : पार्लमेंटचं चिन्ह असलेलं जाळीचं दार आणि त्यावर कैद्यांच्या कपड्यांवरचा बाण. शिक्षेची खूणच मानानं छातीवर! पण त्याच सुमारास तिनं काढलेली तुतारी फुंकणारी देवदूत चहाच्या कपबश्यांवरही झळकू लागली. सुंदर आहे, पण ती खाणीत काम करत नाही. पुढे १९१४ साली पूर्व लंडनच्या कामकरी बायांची साथ सोडेना म्हणून सिल्व्हियालाच संघटनेबाहेर पडावं लागलं.

दुसरी अमेरिकेतली बार्बरा क्रूगर, जन्म १९४५चा. ही बायकांच्या मासिकांमध्ये पानांची मांडणी करत होती. बाईला नटवून विकायचं तंत्र तिथे शिकली आणि तेच उलटवलं. ९ एप्रिल १९८९च्या वॉशिंग्टनमधल्या गर्भपात-हक्क मोर्चासाठी तिनं मासिकी थाटाचा एक चेहरा मधोमध चिरला. एक बाजू फोटोच्या निगेटिव्हसारखी, वर लाल पट्ट्यांवर पांढरी अक्षरं : तुझं शरीर रणांगण आहे. स्वतःच्या हातानं एक रेघही काढलेली नाही! २४ जून २०२२ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं तो हक्क काढून घेतला. पोस्टर जुनं झालंच नाही.

धावत्या बसमधून वाचता येईल ते क्रूगरचंच. तरी ते जसंच्या तसं आपल्याकडे आणू नका. इथे १९७१ पासून गर्भपाताला कायद्याची वाट आहे. आणि १९९४चा कायदा असूनही सुनेला गर्भलिंग तपासायला नेलं जातं. 'तुझं शरीर' हे तिला सांगायचं, की तिला घेऊन जाणाऱ्यांना?

आमच्या वस्तीत याच विषयावरचं पोस्टर लावलं तेव्हा एक मावशी निरखून म्हणाल्या, "ही कुणाच्या घरची गं? आमच्यात अशी कुणी दिसत नाही." गोरी, शेलाटी, लांब वेणीची. आम्हीच काढलेली.

मावशींना आज बोलावलंय. अकराला येतील. तोवर रंग कालवून ठेवू.