थकवा म्हणजे आळस नव्हे
(वर्धापनदिनी विहारात दिलेले व्याख्यान)



आज मी मल्टिपल स्क्लेरोसिस, थोडक्यात एम.एस., या आजाराविषयी बोलणार आहे. फ्रान्सचे डॉक्टर शार्को यांनी १८६८ साली या रोगाचे सविस्तर वर्णन केले. विजेच्या तारेवर जसे आवरण असते, तसेच मेंदूतील व मज्जारज्जूतील तंतूंवरही असते. या रोगात शरीराची संरक्षणशक्ती त्या आवरणावरच हल्ला करते. मग मेंदूचे निरोप हळू जातात किंवा मध्येच अडतात. रोग बहुधा विशी ते चाळिशीत सुरू होतो, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत जास्त. म्हणजे ऐन संसाराच्या वयात!

पाय अडखळला, नजर अधू झाली, तर घरच्यांना दिसतं. पण थकवा दिसत नाही. रात्रभर झोपूनही सकाळी अंगात त्राण नसतं. उन्हाने, तापाने तो आणखी वाढतो. विचार मंदावतो. चार माणसं एकदम बोलली की काही उमगत नाही, गॅसवर ठेवलेलं दूध विसरतं. सुमारे निम्म्या रुग्णांना असा त्रास होतो. उदासीनताही पुष्कळांना गाठते. ती केवळ दुःखामुळे येते असं नाही, मेंदूला झालेली इजाही तिला कारण असते.

आणि आपण काय म्हणतो? “सून आळशी आहे, नाटकं करते.” कुणी भगताकडे न्यायला सांगतो. बंधू-भगिनींनो, १९५६ साली बावीस प्रतिज्ञा घेणाऱ्या समाजाला हे शोभतं का?

उपाय आहेत. रोग मुळासकट जात नाही, पण त्याचे झटके कमी करणारी औषधे आहेत. ती मनाने बंद करू नयेत. थकव्यासाठी आधी रक्तक्षय, थायरॉइड, अपुरी झोप, उदासीनता यांची तपासणी करावी. नुसत्या गोळीवर भिस्त ठेवू नये. थकव्यासाठी दिल्या जाणाऱ्या तीन प्रचलित औषधांची अमेरिकेत चाचणी झाली. २०२१ साली तिचा निष्कर्ष आला, की ती नकली गोळीपेक्षा सरस ठरली नाहीत. झेपेल तेवढा नियमित व्यायाम, कामाआधीच विश्रांती, जड काम सकाळच्या गारव्यात, एका वेळी एकच काम, आठवणीसाठी वही, यांचा उपयोग होतो. उदासीनतेवर समुपदेशन व औषध दोन्ही आहेत. ध्यानाने मन शांत होतं, जरूर करावं, पण ते डॉक्टरच्या जागी नव्हे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या आजाराचा समावेश आहे, हेही लक्षात ठेवा.

विनयपिटकात एक प्रसंग आहे. एक भिक्खू अतिसाराने घाणीत पडला होता. कुणी शुश्रूषा का करत नाही, असं भगवंतांनी विचारलं. तो म्हणाला, मी भिक्खूंच्या काही उपयोगाचा नाही, म्हणून. तेव्हा भगवंतांनी आनंदाला पाणी आणायला लावलं आणि दोघांनी मिळून त्याला स्वच्छ केलं. पुढे संघाला बजावलं, की आजाऱ्याची सेवा ती माझीच सेवा.

माणसाची किंमत त्याच्या कामाच्या उरकावर ठरत नाही, हाच यातला धम्म. आपल्या गल्लीत अशी एखादी बहीण असेल, तर तिला “उठ, कामाला लाग” म्हणू नका. तिच्या हातातला हंडा घ्या, आणि मेंदूविकाराच्या डॉक्टरकडे तिच्यासोबत जा.