यंत्र घेतले, पुढे काय?



पूर्वी गावातल्या सुताराला दुकानदाराची गरज हत्यार घेण्यापुरतीच लागे. रंधा, पटाशी, करवत एकदा घरात आली की धार लावणे, दांडा बसवणे, ही कामे घरी व्हायची, नाहीतर लोहाराकडे. आज त्याच ओसरीवर विजेचा रंधा, ड्रिल, ग्राइंडर, लाकूड कातायचा लहानसा लेथ येऊन बसला आहे. कोणी निवृत्त गुरुजी छंद म्हणून त्यावर खेळणी काततात, कोणी तरुण त्यावरच पोट भरतो. गोष्ट चांगली आहे. पण हे यंत्र अडले की लोहाराचा भाता त्याच्या कामाचा नाही. त्याला त्याच बनावटीचा भाग लागतो, आणि तो आणून बसवणारा माणूस लागतो.

म्हणून यंत्राची खरेदी एका दिवसात संपत नाही. आपण पैसे मोजतो ते लोखंडाचे आणि पुढच्या सेवेचेही. लोखंड डोळ्यांना दिसते. सेवा म्हणजे नुसता शब्द असतो. तो शब्द कागदावर घ्यावा, एवढेच मला आज सांगायचे आहे.

समजा, मोहाडी तालुक्यातल्या आमच्या करडीत अशाच एका गुरुजींनी शहरातून लेथ आणला. वॉरंटी एक वर्षाची. तिसऱ्या महिन्यात मोटर बंद पडली. दुकानदार म्हणतो, "गुरुजी, कंपनीला कळवलं आहे, भाग आला की सांगतो." कंपनीला फोन केला तर उत्तर येते, "तुमच्या गावी व्होल्टेज कमी असेल." महिना गेला, दोन गेले. शेवटी गुरुजींनी गावच्या मिस्त्रीकडून मोटर उघडली. लगेच कंपनी म्हणते, "बाहेरच्या माणसाने हात लावला, आता वॉरंटी संपली." गरज सरो, वैद्य मरो, त्यातला हा प्रकार. उदाहरण मी कल्पनेने घेतले. पण ऐकणाऱ्यांपैकी अनेकांना ते ओळखीचे वाटेल.

यात दोष नेहमी दुकानदाराचाच असतो असे नाही. लहान गावचा दुकानदार कंपनीपुढे आपल्याइतकाच लाचार असतो. म्हणूनच कायद्यात तक्रार करताना विकणारा आणि बनवणारा, दोघांनाही प्रतिपक्ष करता येते.

आता खरेदीच्या वेळची सावधगिरी पाहू. पहिली गोष्ट, यंत्राच्या पाटीवरील आकडे वाचा. व्होल्ट किती, सिंगल फेज की थ्री फेज, अश्वशक्ती किती? व्होल्टेज पडले आणि भार तोच राहिला, तर मोटर जास्त प्रवाह ओढते आणि तापते. म्हणजे कंपनीचे म्हणणे कधी कधी खरेही असते. तेव्हा वायरमनकडून घरचे व्होल्टेज आधीच मोजून घ्या आणि तो आकडा तारखेसह लिहून ठेवा. पुढे हाच आकडा तुमचा साक्षीदार होईल.

दुसरी गोष्ट, सुटे भाग. काही भाग सर्वत्र एकाच मापाचे असतात. बेअरिंगवर 6204 असा आकडा कोरलेला असला, तर त्याचे भोक 20 मिलिमीटर, बाहेरचा व्यास 47 आणि जाडी 14 मिलिमीटर, मग ते कोणत्याही कंपनीचे असो. असे बेअरिंग जिल्ह्याच्या ठिकाणी मिळून जाते. आर्मेचर, स्विच, प्लॅस्टिकचे दातेरी चाक मात्र बहुधा त्याच कंपनीचे लागते. दुकानातच विचारा: "हे भाग कुठे मिळतील? किती दिवसांत? जवळचे सेवाकेंद्र कोणते?" उत्तर गुळमुळीत आले, तर स्वस्त यंत्रही महाग पडेल असे समजा.

तिसरी गोष्ट, यंत्र कोणत्या कामासाठी हवे ते दुकानदाराला स्पष्ट सांगा आणि बिलावर लिहून घ्या. 1930 च्या मालविक्री कायद्याचे असे तत्त्व आहे की, घेणाऱ्याने आपले काम सांगून विकणाऱ्याच्या जाणतेपणावर भिस्त ठेवली, तर माल त्या कामाला योग्य असलाच पाहिजे. सागाचे लाकूड कातायचे आहे असे सांगून घेतलेल्या यंत्राने बाभूळही कातली पाहिजे, असा हट्ट मात्र धरता येणार नाही. आणि पक्के बिल तर घ्याच. थोडे पैसे वाचतात म्हणून बिल सोडले, की हक्काचे मूळच सोडले. बिल न देणे ही 2019 च्या कायद्याप्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे.

आता हा कायदा पाहू. महाराष्ट्रात ग्राहकांची चळवळ कायद्याच्या आधीची आहे. बिंदुमाधव जोशी यांनी 1974 मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले. देशाचा ग्राहक संरक्षण कायदा 1986 मध्ये झाला. त्याच्या जागी 2019 चा नवा कायदा 20 जुलै 2020 पासून लागू झाला.

यंत्र घेणाऱ्याला पहिला प्रश्न पडतो तो असा, की मी कायद्याने ग्राहक आहे का? छंदासाठी घेतले असेल तर शंकाच नाही. पण त्यावर चार पैसे मिळवत असलो तर? याचे उत्तर एका यंत्राच्याच खटल्यात मिळाले. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स या पेढीने 1990 मध्ये कोइमतूरच्या पी.एस.जी. इंडस्ट्रियल इन्स्टिट्यूटकडे एका मोठ्या कातकामाच्या यंत्राची मागणी नोंदवली. यंत्र उशिरा आले आणि सदोष आले, अशी तक्रार महाराष्ट्र राज्य आयोगापुढे गेली. राज्य आयोगाने पेढीच्या बाजूने निकाल दिला. राष्ट्रीय आयोगाने तो फिरवला. 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही पेढीचे अपील फेटाळले, कारण यंत्र व्यापारी कामासाठी होते.

पेढी हरली, पण त्या निकालाने लहान माणसाचा हक्क स्पष्ट झाला. न्यायालयाने सांगितले की, स्वतः चालवून उदरनिर्वाह करण्यासाठी जो लेथ किंवा दुसरे यंत्र घेतो, तो ग्राहकच. मदतीला एकदोन माणसे घेतली म्हणून त्याचा हक्क जात नाही. तेव्हा आमच्या गावचा सुतार, शिलाई करणारी ताई, वेल्डिंगवाला, यांना हा दरवाजा उघडा आहे. यंत्र पोटासाठी स्वतः चालवण्याकरिता घेतले, हे तक्रारीत लिहायला मात्र विसरू नये.

तक्रार करायची कशी? आधी लेखी पत्र. यंत्र केव्हा घेतले, काय बिघडले, काय हवे, हे थोडक्यात लिहून दुकानदार आणि कंपनी दोघांना स्पीड पोस्टाने पाठवा. नक्कल व पावती जपून ठेवा. यंत्र दुरुस्तीला दिले तर दिल्याची आणि परत मिळाल्याची तारीख असलेला कागद मागा. त्याआधी मिस्त्रीला उघडू देऊ नका. इंटरनेटवरून घेतले असेल, तर 2020 च्या नियमांप्रमाणे त्या कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने 48 तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार निकालात काढायची असते. 1915 या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनही आहे.

एवढ्याने भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. नव्या कायद्याची मोठी सोय अशी की, आपण राहतो तिथल्या जिल्ह्यात तक्रार करता येते. कंपनी कोइमतूरची असो की दिल्लीची, करडीच्या माणसाने भंडाऱ्याला जावे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील केलाच पाहिजे असे नाही. यंत्रात दोष आहे की नाही, याची प्रयोगशाळेत तपासणी आयोग करवू शकतो. कायद्यात निकालाची मुदत तीन महिने, तपासणी लागली तर पाच महिने आहे. प्रत्यक्षात वेळ अधिक लागतो, हेही जाणून असावे. मात्र तक्रार दोन वर्षांच्या आत दाखल झाली पाहिजे. "भाग येतो आहे, पत्र चालू आहे" म्हणत बसलो, तरी ती दोन वर्षे आपल्यासाठी थांबत नाहीत.

शेवटी शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. मराठीच्या तासाला पत्रलेखन असतेच. एखाद्या दिवशी वर्गात घरचे एखादे वॉरंटी कार्ड आणवा. त्यातली बारीक अक्षरे मुलांकडून मोठ्याने वाचून घ्या, आणि बंद पडलेल्या पंख्याबद्दल कंपनीला पत्र लिहायला सांगा. तारीख, बिलाचा क्रमांक, मागणी, सारे नीट आले की नाही ते तपासा. ज्या घरी असे पत्र लिहिणारे मूल आहे, त्या घराला "उद्या या" म्हणून परत पाठवणे दुकानदाराला सोपे जाणार नाही.