चिनी वाचणारा मेंदू



या परिषदेचा विषय चिनी भाषेचा असला, तरी त्यातला प्रश्न साऱ्या मानवजातीचा आहे. वाचनाविषयीचे बरेचसे सिद्धान्त इंग्रजी वाचकांवरून बांधले गेले. ते माणसाच्या मेंदूला लागू आहेत की केवळ इंग्रजीला, हे चिनीच्या कसोटीवर घासल्याशिवाय कळणार नाही, असे माझे ठाम मत आहे.

चिनीतले ‘आई’चे चिन्ह पाहा. डावीकडे स्त्रीची खूण अर्थ सुचवते. उजवीकडे घोड्याचे चिन्ह केवळ ‘मा’ हा उच्चार पुरवते. सूर मात्र वेगळा: आईचा ‘मा’ उंच आणि सपाट, घोड्याचा खाली उतरून वर चढणारा. अशी चिन्हे चित्रासारखी, म्हणून ती उजव्या गोलार्धात वाचली जात असावीत, असा एके काळी तर्क होता. 2000 साली ली हाय टान आणि सहकाऱ्यांच्या एफएमआरआय अभ्यासात मात्र डाव्या गोलार्धाचेच प्राबल्य दिसले.

यावर आक्षेप येतो की, हे यंत्र रक्तातल्या प्राणवायूतील बदल टिपते, विचार नव्हे; आणि शब्द क्षणार्धात उमगतो, तर रक्तप्रवाहाला काही सेकंद लागतात. आक्षेप रास्त आहे. म्हणूनच वेळेचा माग ईईजीने घ्यावा लागतो. दुसरा आक्षेप निष्कर्षांतल्या विसंगतीचा. 2004 साली ‘नेचर’मधील अभ्यासाने वाचनअक्षम चिनी मुलांत डाव्या मध्य ललाट भागाची क्रिया मंद असल्याचे दाखवून ही अक्षमता संस्कृतीनुसार बदलते असे मांडले, तर 2010 साली ‘ब्रेन’मधील अभ्यासाला अशाच चिनी आणि इंग्रजी मुलांत मोठे साम्य आढळले. पण या मतभेदानेच प्रश्नाला धार आली. 2015 साली स्पॅनिश, इंग्रजी, हिब्रू आणि चिनी वाचकांची एकत्र तपासणी झाली, तेव्हा चारही भाषांत वाचन बोलण्याच्याच मेंदूजाळ्यावर उभे असल्याचे दिसले. सांगाडा समान, त्यातल्या भागांवरचा भार लिपीनुसार कमीअधिक, हा अर्थ मला सर्वांत पटतो.

वाचताना अडणाऱ्या मुलासाठी हा भेद मोलाचा आहे. एका लिपीवर बेतलेला उपाय दुसऱ्या लिपीला जसाच्या तसा लावता येत नाही. आपल्या देवनागरीतही मात्रा अक्षराच्या चारही बाजूंना बसतात, आणि मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात ती वाचणाऱ्या मेंदूचे प्रतिमांकन झाले आहे. चिनीवरील चर्चेतून मराठी वाचणाऱ्या मुलांसाठी नेमके प्रश्न आपण घडवावेत, ही माझी आग्रहाची विनंती.