जिरेटोप : नांव आणि रूप

शिवजयंतीच्या मिरवणुकीसाठीं कोल्हापुरांत मुलें सजूं लागलीं, कीं पहिला आग्रह जिरेटोपाचा होतो. पुठ्ठ्यावर मखमल, तिच्यावर जरी आणि बाजूस मोत्यांच्या लडी एवढें जुळलें, कीं टोप तयार. ‘टोप’ हा शब्द तर स्वयंपाकघरांतही नांदतो. पण त्याच्या आधीं येणारें ‘जिरे’ कुठलें, असें एखाद्या चिमुरड्यानें विचारलें, तर वडील मंडळींची पंचाईत होते.

फोडणीच्या जिऱ्याशीं या शब्दाचा संबंध नाहीं. फारसींत ‘जिरह’ म्हणजे लोखंडाच्या बारीक कड्या एकमेकींत गुंतवून केलेलें चिलखत. हिंदींतील ‘जिरहबख्तर’ या शब्दांत तोच आहे. असें कड्यांचें जाळें जोडलेला टोप, तो जिरेटोप. डोक्यावर पोलादाची वाटी पालथी बसे. तिच्या कडेपासून जाळीचा पडदा कान, मान आणि खांदे यांवर उतरे. पुष्कळ टोपांस नाकापुढें सरकणारी पट्टीही असे. वाटीवरून घसरलेला तरवारीचा वार मानेवर बसूं नये, ही त्यांतली योजना. अखंड पत्र्यानें मान जखडली असती. जाळी मानेबरोबर वळते, म्हणून घोडेस्वारास ती सोईची. बंदुकीच्या गोळीपुढें मात्र तिचा इलाज चालेना, आणि बंदुका वाढल्या तसतसें हें लोखंड रणांगणांतून मागें हटलें.

१० नोव्हेंबर १६५९ रोजीं प्रतापगडाच्या पायथ्याशीं अफजलखानाची भेट झाली. त्या दिवशींच्या शिवाजी महाराजांच्या पोशाखाचें वर्णन ग्रँट डफनें १८२६ सालीं प्रसिद्ध केलेल्या इतिहासांत आहे : पागोट्याखालीं पोलादी कड्यांची टोपी आणि सुती अंगरख्याखालीं चिलखत. म्हणजे जीव राखणारें तें झांकलेलें, आणि दिसणारें तें पागोटें. सतराव्या शतकाच्या अखेरच्या डच संग्रहांतील चित्रांतही महाराजांच्या मस्तकीं पागोटेंच आहे.

मोत्यांच्या लडींचा, राजवैभवाचा जिरेटोप लोकांच्या डोळ्यांत ठसविण्यांत कोल्हापूरचा वाटा मोठा आहे. भालजी पेंढारकरांच्या १९५२ सालच्या ‘छत्रपति शिवाजी’ या चित्रपटांत चंद्रकांत मांडरे यांनीं महाराजांची भूमिका केली. तर कोल्हापूरचेच चित्रकार जी. कांबळे यांनीं रेखाटलेलें महाराजांचें चित्र महाराष्ट्र शासनानें अधिकृत म्हणून स्वीकारलें. लोखंड गेलें, वैभव राहिलें.

आणखी एक नवल. दरबारी फारसी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द देणारा ‘राज्यव्यवहारकोश’ महाराजांनींच करवून घेतला. परंतु मराठी मनानें त्यांच्या मस्तकीं जें भूषण कायमचें ठेविलें, त्याचें अर्धें नांव फारसीच राहिलें. त्या नांवामुळेंच वस्तूची मूळ हकीकत टिकून आहे. मुलाच्या डोक्यावर जिरेटोप ठेवतांना वडील मंडळींनीं त्यास एवढें अवश्य सांगावें, कीं या मोत्यांच्या जागीं एके काळीं लोखंडाच्या कड्या होत्या, आणि त्या कड्यांवर माणसाचा जीव अवलंबून असे.