जुन्या मोटारीचा पंखा

मुंबई-पुणें द्रुतगती मार्ग २००२ सालीं पुरा होण्यापूर्वीं जे मोटारीनें बोरघाट चढले असतील, त्यांना एक देखावा खचित आठवेल. वळणावरच्या थोड्याशा सपाट जागेंत दोन-चार गाड्या बॉनेट उघडून उभ्या असावयाच्या; पुढून वाफेचा लोट निघावयाचा; आणि मालक हातांत पाण्याचें भांडें घेऊन, रेडिएटरचें झांकण केव्हां उघडावें या विवंचनेंत असावयाचा.

तसल्या गाड्या आतां विरळ झाल्या. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यांत बनलेल्या फियाट ११०० च्या घराण्यांतील काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्यें मुंबईच्या रस्त्यांवरून निघून गेली. तथापि घरच्या वडिलधाऱ्यांनीं हौसेनें घेतलेली फियाट, अँबेसडर किंवा त्याहून जुनी एखादी मॉरिस जपून ठेवणारीं कुटुंबें शहरोशहरीं आहेत; आणि अशा घरांत उन्हाळा लागला कीं एक प्रश्न हटकून निघतो. इंजिनाचा जुना, पट्ट्यावर फिरणारा पंखा काढून तेथें विजेचा पंखा बसवावा काय? गॅरेजवाला म्हणतो, बसवा; जाणता स्नेही म्हणतो, मूळ गाडी बिघडवूं नका. दोघांच्याहि म्हणण्यांत तथ्य आहे. परंतु दोघेहि बहुधा एक गोष्ट विचारावयाची विसरतात : गाडी तापते ती नेमकी केव्हां?

या प्रश्नाचें महत्त्व ध्यानांत येण्यासाठीं पंख्याचें मूळ काम पाहिलें पाहिजे. पेट्रोल जळून जी उष्णता उत्पन्न होते तिचा थोडाच भाग चाकें फिरविण्याच्या कामीं येतो. बाकीची बरीचशी धुराबरोबर निघून जाते, आणि एक मोठा वांटा इंजिनाभोंवतीं खेळणाऱ्या पाण्यास उचलावा लागतो. हें पाणी रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून जातांना वाऱ्यानें निवतें. १९०१ सालीं नाइस येथील शर्यतींत गाजलेल्या ३५ अश्वशक्तीच्या मर्सिडीज गाडीसाठीं विल्हेल्म मायबाख यानें मधाच्या पोळ्यासारखा जो रेडिएटर बनविला, त्यांत सहा मिलिमीटर रुंदीच्या ८०७० चौकोनी नळ्या होत्या, आणि त्याच्या मागें एक पंखा होता. तो कशासाठीं? गाडी वेगांत असली म्हणजे समोरचा वारा आपोआपच रेडिएटरमधून वाहतो. ती रेंगाळूं लागली म्हणजे हा वारा पडतो. ती उणीव भरून काढणें एवढेंच पंख्याचें काम. पंखा हा सावकाश चालणाऱ्या गाडीचा सोबती होय, धांवणाऱ्या गाडीचा नव्हे.

आणि येथेंच जुन्या रचनेंतील विसंगति दिसते. पट्ट्यानें इंजिनाशीं जखडलेला पंखा इंजिनाच्या मर्जीनें फिरतो. गाडी सिग्नलपाशीं किंवा एखाद्या लग्नाच्या वरातीमागें अडकली, इंजिन मंद घुरघुरत राहिलें, कीं वाऱ्याची गरज सर्वांत अधिक, परंतु पंखा सर्वांत मंद. उलट मोकळ्या रस्त्यावर त्याची गरज जवळजवळ नाहीं, तेव्हां तो भरधांव फिरून इंजिनाची शक्ति खात असतो. ही खादाडी साधी नव्हे : पंख्याचा वेग दुप्पट झाला तर वारा दुप्पट मिळतो, पण त्याकरितां शक्ति मात्र आठपट लागते. विजेचा पंखा या बंधनांतून सुटलेला असतो. पाण्याचें उष्णतामान ठराविक अंशांवर गेलें कीं तो सुरू होतो, उतरलें कीं थांबतो. इंजिन कोणत्या गतीनें चाललें आहे याच्याशीं त्याला कर्तव्य नाहीं.

आतां मघाच्या प्रश्नाकडे वळावयाचें. गाडी गर्दींत तापत असेल आणि मोकळा रस्ता मिळतांच कांटा खालीं येत असेल, तर दोष पंख्याचा मानावयास हरकत नाहीं. पण सपाट रस्त्यावर, तासाला साठ किलोमीटरच्या चालीनेंहि कांटा चढतच असेल, तर पंखा बदलून कांहींहि साधणार नाहीं, कारण त्या गतीला वारा पुरेसा मिळतच असतो. तेथें रोग दुसरा आहे. रेडिएटरच्या नळ्या क्षारानें बुजल्या असतील, थर्मोस्टॅट अर्धवट उघडत असेल, ठिणगी उशिरा पडत असेल, किंवा हेड गॅस्केट फुटून जळका वायु पाण्यांत शिरत असेल. अशा गाडीला मोठा पंखा लावणें म्हणजे ताप उतरविण्यासाठीं रोग्याच्या कपाळावर पट्टी ठेवून आंतला व्रण तसाच वाढूं देणें होय. घाटाची गोष्ट मात्र निराळी. तेथें इंजिन पुऱ्या शक्तीनें राबतें पण गाडी हळू चालते, आणि वारा पाठीमागून असेल तर पंख्यावांचून दुसरा आधारच उरत नाहीं.

म्हणून पैसे खर्चण्यापूर्वीं स्वस्त उपाय करावे. पट्टा सैल असेल तर जुना पंखाहि आपलें काम अर्धेंच करतो; बोटानें दाबून पट्टा साधारण अर्धा इंच दबतो कीं नाहीं हें पाहावयास एक मिनिट लागतें. विहिरीचें जड पाणी वर्षानुवर्षें भरलेल्या रेडिएटरमधें चुन्याचें जें अस्तर बसतें, तें उष्णता अडवून धरतें. असा रेडिएटर उतरवून कारागिराकडून साफ करवावा आणि पुढें ऊर्ध्वपातित पाणी व कूलंट यांवांचून दुसरें कांहीं घालूं नये. ही हयगय महाग पडते. ज्या इंजिनांचें हेड अल्युमिनियमचें असतें तें एकदां जास्त तापून वाकलें म्हणजे घासून सपाट करावें लागतें, आणि प्रत्येक हेड किती वेळां घासूं देईल याला मर्यादा आहे. झांकणाविषयींहि एक इशारा आवश्यक आहे : सात पौंड दाबाच्या झांकणाखालीं पाणी सुमारें १११ अंशांपर्यंत न उकळतां राहतें; झांकण फिरवतांच दाब जातो आणि त्याच क्षणीं त्याची वाफ होऊन उघडणाऱ्याचा हात व तोंड भाजतें. इंजिन निवेपर्यंत थांबणें याला पर्याय नाहीं.

विजेचा पंखा म्हणजे आजकालचें फॅड, असा जो समज आहे तो मात्र चुकीचा. १९६१ सालीं बाहेर पडलेल्या जॅग्वार ई-टाइप या प्रख्यात गाडीला कारखान्यांतूनच विजेचा पंखा होता. तोहि गर्दींत अपुरा पडे; १९६८ च्या सुधारित गाडीला एकाऐवजीं दोन पंखे आले. तेव्हां पंखा विजेचा आहे एवढ्यानें भागत नाहीं. तो पुरेसा वारा ओढतो कीं नाहीं, आणि त्याला पुरेशी वीज मिळते कीं नाहीं, हें पाहावें लागतें.

यांतील दुसरी बाब बहुतेक ठिकाणीं दुर्लक्षिली जाते. चांगला पंखा दहा अँपियर किंवा त्याहूनहि अधिक वीज घेतो, आणि सुरू होण्याच्या क्षणीं त्याच्या कित्येकपट. जुन्या गाड्यांतला डायनमो भर वेगांत वीस ते तीस अँपियर देतो. इंजिन मंद चालत असतां जवळजवळ कांहींच देत नाहीं. पावसाळ्यांतली संध्याकाळ डोळ्यांपुढें आणावी : दिवे लागलेले, वायपर चाललेले, गाडी मुंगीच्या पावलांनीं सरकते आहे, आणि त्यांत पंखा सुरू झाला. सगळा भार बॅटरीवर! पाणी निवेल, पण घरीं पोंचेपर्यंत दिवे मंदावतील. याकरितां डायनमोच्या जागीं आल्टरनेटर बसविण्याची तयारी नसेल, तर मोठ्या विजेच्या पंख्याच्या नादीं न लागणें बरें. अनेक जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचें धन टोंक सांगाड्याला जोडलेलें असे. ई-टाइपमध्यें हा प्रकार १९६४ सालीं ४·२ लिटरचें इंजिन येईपर्यंत होता. अशा गाडींत पंख्याच्या तारा नेहमींच्या समजुतीनें जोडल्या तर पंखा उलटा फिरतो आणि येणाऱ्या वाऱ्यालाच अडवतो. बसविल्यावर रेडिएटरपाशीं कागदाचा कपटा धरून वारा कोणीकडे जातो हें पाहिलेलें चांगलें.

पंखा रेडिएटरच्या मागें बसून वारा ओढणारा असावा. पुढें बसून ढकलणारा पंखा धांवत्या गाडीला मिळणाऱ्या वाऱ्याच्या वाटेंत उभा राहतो. भोंवतीं पत्र्याचें आवरण केल्यास वारा साऱ्या रेडिएटरमधून येतो, नाहीं तर पात्यांसमोरचा गोल भाग तेवढा निवतो. प्लास्टिकच्या पट्ट्या नळ्यांमधून ओंवून पंखा बांधण्याची सोपी रीत फार दिसते, पण ती वाईट. हादऱ्यांनीं घासून त्या पट्ट्या नळ्या कापतात. लोखंडी पट्ट्या चौकटीला जोडाव्या, आणि वीज रिलेमधून व स्वतंत्र फ्यूजमधून घ्यावी, डॅशबोर्डच्या जुन्या बटणामधून नव्हे. थर्मोस्टॅट ८२ अंशांस उघडणारा असेल तर पंख्याचा स्विच ९० ते ९५ च्या दरम्यान लागणारा असावा. तो ८० चा घेतला तर पंखा कधीं थांबणारच नाहीं. आणि असा पंखा इंजिन बंद असतांनाहि एकाएकीं फिरूं लागतो, हें घरांतल्या सर्वांना सांगून ठेवावें.

मूळ रूप जपण्याचा आग्रहहि वाजवी आहे. जुन्या गाड्यांच्या जागतिक संघटनेनें, फिव्हानें, स्वीकारलेल्या ट्यूरिन सनदेंत, फेरफार करावेच लागले तर ते सौम्य असावेत आणि काढलेले मूळ भाग गाडीबरोबर जपावेत, असें सुचविलें आहे. महिन्यांतून एखाद्या रविवारीं सकाळीं बाहेर पडणाऱ्या गाडीला स्वच्छ रेडिएटर आणि मूळ पंखा पुरतो. फार तर चार पात्यांच्या जागीं सहा पात्यांचा घ्यावा. (अशा पंख्यांचीं पातीं पुष्कळदां असमान अंतरावर असतात, तो ओबडधोबडपणा नसून आवाज कमी करण्याची युक्ति आहे.) मात्र जुना पत्र्याचा पंखा ठेवावयाचा तर रिवेटांभोंवतीं तडा गेला आहे काय हें भिंगानें पाहावें, सुटलेलें पातें बॉनेट फोडून बाहेर येऊं शकतें. रोज शहरांत वापरावयाच्या गाडीला आल्टरनेटरसह विजेचा पंखा लावणें हें शहाणपणाचें, परंतु एकहि नवें भोंक न पाडतां, आणि जुना पंखा तेल लावून पेटींत ठेवून.

बसविल्यानंतरची परीक्षा भर दुपारीं घ्यावी. गाडी मोकळ्या हवेंत उभी करून इंजिन वीस मिनिटें मंद चालूं द्यावें व दिवे लावावे. पंखा सुरू होऊन कांहीं मिनिटांत थांबला, पुन्हां सुरू झाला, पुन्हां थांबला, आणि बॅटरीचा कांटा फार वेळ उणे बाजूस राहिला नाहीं, तर काम साधलें. पंखा न थांबतां फिरतच राहिला, तर रेडिएटर पुन्हां उतरवून कारागिराकडे पाठवावा.